हंडा आपल्या पायानं चालला

समजा, तुम्हाला एक हंडा चालवायचा आहे. तांब्याचा, पोटानं मोठा, पाणी भरायचा. स्वयंपाकघरातून निघून त्यानं जेवणाच्या टेबलाला वळसा घालायचा, दिवाणखान्यात यायचं आणि सोफ्यावर बसलेल्या सुनेसमोर थांबायचं. ढकलणारा कुणी दिसता कामा नये. तुम्ही काय कराल? बारीक दोरी बांधाल, सोफ्यामागं लपाल आणि ओढाल. हंडा फरशीवरून खरडत येईल खरा, पण बघणारा लगेच म्हणेल, कुणीतरी ओढतंय. ओढलेली वस्तू ओढल्यासारखीच दिसते. भूत वस्तूला ओढत नाही, ते तिच्या आत बसून चालतं.

हा फरक नियाजला कळत होता, म्हणूनच जयसिंग त्याला सोडायला तयार नव्हता.

नियाजचं बुधवार पेठेत अरुंद दुकान होतं. टेपरेकॉर्डर, मिक्सर, इस्त्र्या, जे बंद पडेल ते तो उघडून बसायचा. जयसिंग टीव्हीसाठी तासाभराचे भुताचे चित्रपट काढायचा. घरोघर केबल नुकती आली होती, वाहिन्यांना काहीतरी दाखवायला हवंच होतं, आणि जयसिंगकडे काहीतरी नेहमी तयार असायचं. प्रत्येक चित्रपटात घरातली एक वस्तू झपाटली जायची. आधी आरसा झाला, मग शिवणयंत्र, मग आपोआप पेटणारा स्टोव्ह. एका चित्रपटात तर लोभी घरमालकाचेच तेवढे शर्ट जाळणारी इस्त्री होती. गोष्ट एकच. कुणीतरी इच्छा मनात ठेवून मरायचं, वस्तूत शिरायचं, आणि शेवटी एक बाबा येऊन चिमूटभर अंगारा टाकायचा की वस्तू गप्प. रविवारी भर दुपारी हे चित्रपट लागायचे. जेवून आडवे झालेले लोक ते बघत, हसत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघत.

ती इस्त्री दुरुस्तीला आली होती, तेव्हाच नियाज या धंद्यात ओढला गेला. ती पडद्यावर कशी पळणार आहे हे त्यानं सहज विचारलं, आणि जयसिंगच्या माणसानं दाखवल्यावर तो म्हणाला, ही तर उंदरासारखी पळतेय, इस्त्री अशी पळेल का? इस्त्री जड असते, तिला नाक असतं, ती आधी नाक वळवेल आणि मग निघेल. दुसऱ्या दिवशी त्याला कर्वेनगरला बोलावणं आलं.

चित्रण दिवसाच चालायचं. मालक परदेशी गेलेला एक रिकामा बंगला होता. त्याच्या खिडक्यांना आतून काळी घोंगडी ठोकली होती आणि दिव्यांना निळा कागद. बाहेर बाराचं ऊन, आत निळी रात्र. दारातून आत पाऊल टाकलं की नियाजला विहिरीत उतरल्यासारखं वाटे. आवाज मंद होत. खुर्च्या, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसे आणि जणू कुणी हाक मारण्याची वाट बघत असे. तो सोफ्यामागं पालथा पडून राही. हातात काळं बूटपॉलिश चोळलेली, मासे धरायच्या गळाची नायलॉनची तंगूस. ती इतकी बारीक की त्याची त्यालाच दिसत नसे, फक्त बोटांना कळे. पलीकडच्या टोकाला असलेल्या वस्तूचं वजन त्या तंगुशीतून बोटांत येई, आणि मग वस्तू कुठं संपते आणि आपला हात कुठं सुरू होतो हे त्याला नीटसं सांगता आलं नसतं.

संध्याकाळी बसमधून घरी येताना तेच डोळ्यांपुढं राही. फुटपाथवरच्या बादल्या, टपरीवरची किटली, सगळ्यांची चाल त्याला दिसू लागली होती. बायको, हुस्नबानू, म्हणायची की आजवर तुम्ही लोकांच्या बंद वस्तू चालू करत होता, आता चालू वस्तूंत भुतं घालता. तिचा रागही खोटाच होता. रविवारी शेजारणींना जमवून टीव्हीसमोर सगळ्यांआधी तीच बसायची.

मग हंड्याचा चित्रपट आला. सून सासूला पाणी देत नाही, सासू तहानेनं मरते आणि हंड्यात शिरते. भाड्यानं आणलेला हंडा पातळ पत्र्याचा होता. तंगूस लावली की तो दारुड्यासारखा दोन झोके घेऊन आडवा व्हायचा. दोन दिवस त्यात गेले.

बंगल्याच्या मागं तुळजाबाईंचं घर होतं. हे सगळं हिंगणे गाव होतं तेव्हापासूनचं. आता चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या होत्या आणि मधे तिचं कौलारू घर, अंगण आणि एक म्हैस तेवढी उरली होती. दुपारी ती येऊन बंगल्याच्या पायरीवर बसायची. नटी भेसूर रडू लागली की आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "हिच्या पोटात दुखतंय का?" जयसिंग वैतागायचा, पण चहा तिच्याच घरून येत असल्यामुळं गप्प बसायचा.

हंड्याची अडचण तिच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच एक हंडा घेऊन आली. तांबट आळीतला, जाड पत्र्याचा, न वापरलेला. नियाजनं तो हातात घेतला आणि त्याच्या पोटावर ठोक्याठोक्यांनी कोरलेली अक्षरं वाचली : चि. मैना हिस आईकडून.

मैना म्हणजे तुळजाबाईंची लेक. तिच्या लग्नात द्यायचा म्हणून हा हंडा नाव घालून आणला होता. पण मैनानं आपल्या पसंतीच्या माणसाशी नोंदणी करून लग्न केलं आणि ती साताऱ्याकडं निघून गेली. भांडण त्या लग्नावरून सुरू झालं आणि हंड्यावर येऊन अडलं. लेकीचं म्हणणं, आईनं हंडा घेऊन यावं, लेकीनं आपलं देणं आपण मागून न्यायचं नसतं. आईचं म्हणणं, तोंड न दाखवता गेलेल्या लेकीनं आधी उंबऱ्याशी यावं. मधली माणसं निरोप नेऊन थकली. तुळजाबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "येत न्हाई तर ऱ्हाऊ दे. हंडा काय आपल्या पायानं जाणार हाय?"

हे सगळं तिनंच नियाजला सांगितलं, म्हैस किती दूध देते हे सांगावं तसं. नियाज म्हणाला, "मावशी, भुताचा चित्रपट आहे. जित्या लेकीचं नाव आहे यावर."

"माळ्यावर पडून हाय नुसता. तुमच्याकडं तरी चालू दे," ती म्हणाली आणि गेली.

हंडा चालला. नियाजनं त्याच्या गळ्याला दोन तंगुशी बांधल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. डावी ओढली की हंडा त्या बाजूला कलून बुडाच्या कडेवर वळे, उजवी ओढली की दुसऱ्या बाजूला. जड कपाट आपण हलवतो तसंच, फक्त माणूस वजा. एक तृतीयांश पाणी भरल्यावर तर झोक्याला वजन आलं. आतून डुबुक डुबुक आवाज करत, कंबरेवर हात ठेवून म्हातारी बाई चालते तसा तो चालू लागला. दिव्याखालच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

एकच पंचाईत होती. वाहून आणताना बुडाच्या एका बाजूला पोचा आला होता. त्या पोच्यावर कलला तरच हंडा पुढं जाई, एरवी जागीच फिरे. आणि हंडा तसा ठेवला की नाव नेमकं कॅमेऱ्यासमोर येई. नियाजनं चुलीतली राख ओली करून अक्षरांवर थापली, सुकू दिली, पुसून बघितलं. काही दिसत नव्हतं. मैनाचं नाव भुतावर जाता कामा नये, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

पण पाण्याचा विचार त्यानं केला नव्हता. शेवटच्या वळणावर हंडा जरा जास्त झुकला आणि तोंडातून ओंजळभर पाणी सांडून पोटावरून ओघळलं. सोफ्यामागून त्याला हंड्याची पाठ तेवढी दिसत होती. चित्रण थांबल्यावर तो पुढं आला, तर राख वाहून गेली होती आणि निळ्या उजेडात अक्षरं ओली चमकत होती. तो जयसिंगला म्हणाला, पुन्हा करू. जयसिंग म्हणाला, असं चालणं पुन्हा मिळायचं नाही, आणि टीव्हीवर एवढी बारीक अक्षरं कोण वाचतंय?

सगळ्यांनी वाचली. संपादन करणाऱ्याला हंड्याचं सुनेसमोर थांबणं इतकं आवडलं की त्यानं तिथं चित्र मोठं केलं. रविवारी दुपारी हुस्नबानूच्या शेजारणी मोठ्यानं वाचत होत्या, चि. मैना हिस. नियाज उठून बाहेर गेला. सोमवारी दुकानाशेजारचा बॅटरीवाला म्हणाला, तुमच्या मैनाबाई फारच झोकात चालतात हो. नियाजला हसता येईना. साताऱ्याकडं एक बाई असेल, तिच्या दारावरून जाताना पोरं हंडा हंडा म्हणत असतील. भांड्यांवर मेलेल्या माणसाचं नाव घालून ती वाटतातही लोक. आईनं आपल्याला मेलेलीच धरलं, असं तिला वाटलं तर? जुळायची थोडी आशा होती तीही आपल्या दोन तंगुशींनी ओढून पाडली, असं त्याच्या मनानं घेतलं.

तो कर्वेनगरला गेला तेव्हा ऊन उतरत होतं. वाटेत तो माफीची वाक्यं जुळवत होता. हंडा चित्रण संपल्यावर परत गेलाच होता, त्यामुळं हातात द्यायलाही काही नव्हतं. तो फाटकाशी पोचतो न पोचतो तोच मागून रिक्षा येऊन थांबली आणि तिशीतली एक बाई उतरली. तोंडवळा तुळजाबाईंचाच, तशीच हनुवटी.

ती अंगणात जाऊन थांबली, उंबऱ्यापासून लांब. तुळजाबाई म्हशीला वैरण टाकत होती. तिनं मान वळवली, पण हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"मला मारलंस ना टीव्हीवर?" मैना म्हणाली. "सासरी बायका चौकशीला येतायत."

"मेलेली माणसं रिक्षानं येत न्हाईत," तुळजाबाई म्हणाली. "चपला काढ आणि आत ये."

मैना हलली नाही. वरच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. अंगणात पिवळा उजेड पडला होता. नियाजला वाटलं, आपण अजून सोफ्यामागंच आहोत आणि आपल्या बोटांत काही नाही. मग मैना आधी एका बाजूला कलली, मग दुसऱ्या, अशी एकेक चप्पल काढत उंबऱ्याकडं गेली.

आतून बराच वेळ दोघींचं भांडण ऐकू येत होतं. मग ते रडणं झालं आणि मग कपबश्यांचा आवाज. चहा नियाजलाही मिळाला. त्याची माफीची वाक्यं तशीच राहिली, कुणाला ती हवी नव्हती. चहा पिताना त्याचं लक्ष नळाकडं गेलं. तिथं दोन हंडे उपडे घातले होते, तांब्याचेच, तितकेच जाड, रोजच्या वापरातले. एकावरही नाव नव्हतं.

मैना आत आपला हंडा न्यायला बांधत होती तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "मावशी, हे दोन होते की. मग त्या दिवशी तोच का आणलात?"

तुळजाबाईंनी त्याच्या बशीत उरलेला चहा ओतला. "साखर कमी पडली का?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर जयसिंगचे आणखी पुष्कळ चित्रपट झाले. नियाजनं उखळ चालवलं, छत्री उडवली, दाराची कडी रडवली. तो धंदाही पुढं संपला. दुकानात आता तो मोबाइल उघडून बसतो. कुणी जुना विषय काढला की हंडा कसा चालवला ते तो हौसेनं समजावतो, डावी तंगूस, उजवी तंगूस, पाणी किती. हे सगळं त्याला येतं. सांगता येत नाही ते एवढंच : तुळजाबाईंनी तो हंडा त्याला दिला होता, की त्याच्या हातून लेकीकडं पाठवला होता?