पिन आण्णांच्या खिशात

“तुझा आण्णा गेला असं लोक म्हणून राहिलेत,” माझे वडील, बापू, फोनवर म्हणाले, आणि लगेच पुढं, “तुला खरं वाटतं का?” मी नांदेडला शाळेत शिकवते, मधली सुट्टी चालू होती. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, बापूंचे सख्खे भाऊ. लोह्याजवळच्या आमच्या गावात दोघांची घरं समोरासमोर. रस्ता ओलांडून बघून यायचाच अवकाश होता, पण बापूंना आधी माझं मत हवं होतं. आण्णांच्या बाबतीत पहिल्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. तो मरणालाही लागू झाला...

याचं मूळ वाटणीत आहे. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, अशी आमच्याकडची रीत. वाटे घालणाऱ्याला लबाडी सुचू नये म्हणून. आण्णांनी जमीन सारखी केली, विहीर सामायिक ठेवली, आणि ट्रॅक्टर एका वाट्यात टाकून ट्रॉली दुसऱ्यात टाकली. पंच हसले. ट्रॉलीवाचून ट्रॅक्टर माल नेण्याच्या कामाचा नाही, आणि ट्रॅक्टरवाचून ट्रॉली नुसती दारात उभी. बापूंनी अर्थातच ट्रॅक्टर उचलला आणि तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ट्रॅक्टर हातचा जाऊ देणारा माणूस उगीच जाऊ देईल का? दुसऱ्या वाट्यात नक्की काहीतरी दडलंय. त्यांनी मोजणी पुन्हा करून घेतली. आण्णा बाजाराला गेलेले बघून पानाड्या आणला आणि त्यांच्या शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, त्याला पाणी बघत फिरवलं. हाती काहीच लागलं नाही, त्यामुळं संशय आणखी पक्का झाला. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. आमच्या घरात तोंड न पोळताच फुंकतात. मीही त्यातलीच.

तरी बापूंनी दुसरी ट्रॉली घेतली नाही. नांदेडला बघायला यायचे आणि वेल्डिंग कच्चं वाटतं म्हणून परत जायचे. आण्णा ट्रॅक्टर बघायला गेले, तर त्यांना विकणाऱ्याचं हसणं पटलं नाही. त्यामुळं माल अडतीवर न्यायचा झाला की दोघांना एकमेकांच्या दारात जावंच लागायचं.

दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं की आण्णा ट्रॉली धुऊन काढायचे. खाली कडबा, वर सतरंज्या, डोक्यावर ताडपत्री. मग दारातूनच हाक, की पोरीबाळींना धबधबा दाखवायचाय, ट्रॅक्टर काढ. तिकडं काय काम, कोण भेटणार, अशी सगळी चौकशी करून बापू ट्रॅक्टर काढायचे. एका वर्षी भोकरवरून सहस्रकुंड, पुढं उनकेश्वरचे गरम झरे आणि माहूर. एका वर्षी लातूरकडं, खरोशाची लेणी आणि उदगीरजवळचं हत्तीबेट. आण्णा काही कमी नव्हते. वाटेत एका ढाब्यापुढं सिमेंटचा भला मोठा हत्ती होता. आम्ही फोटोला उभे राहिलो, तोवर आण्णांनी त्याच्या पोटावर टिचकी मारून बघितली. पोकळ आहे म्हणाले, म्हणजे इथली भाजीही तशीच असणार, आणि आम्हा सगळ्यांना उपाशी पुढं नेलं.

मुक्कामाला पोचलं की बापू ट्रॅक्टरची चावी करदोड्याला बांधायचे. आण्णा ट्रॉली जोडायची लोखंडी पिन उपसून बंडीच्या खिशात टाकायचे. खिसा लोंबायचा, बंडी एका बाजूला ओढली जायची. बापूंना वाटायचं आण्णा ट्रॅक्टर घेऊन निघून जातील, आण्णांना वाटायचं बापू ट्रॉलीही ओढून नेतील. उनकेश्वरला कुंडाच्या मागं चूल पेटवलीय का ते आण्णा आधी बघून आले, मग दोघं भाऊ पाण्यात पाय सोडून बसले. मी शेजारीच होते. बापूंनी इतक्या वर्षांचं एकदाचं विचारलं.

“आण्णा, ट्रॅक्टर माझ्याकडं टाकला तव्हा मनात काय होतं तुझ्या?”

“म्या कुठं टाकला? तू उचललास.”

“पर असं तोडून वाटे कामून घातलेस?”

आण्णांनी पाय जरा खोल घातले. “पाणी लई गरम हाय,” म्हणाले. बस, एवढंच.

फोनवरची बातमी खरीच होती. आण्णांच्या तेराव्यानंतर त्यांच्या घरचं सोयाबीन अडतीवर न्यायचं होतं. बापूंनी ट्रॅक्टर मागं घेत ट्रॉलीला लावला आणि मान वळवून थांबले. थोरली माय, आण्णांची बायको, खुंटीवरच्या बंडीतून पिन घेऊन आली.

“वैनी, खरं सांगा. त्याच्या मनात काय होतं?”

“काय असणार, भावजी? तुमी दारात यावं म्हनून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बापूंनी पिन उलटीपालटी करून बघितली. त्यांना पटलं नसावं असं मला वाटलं. मला मात्र पटलं, आणि रडू आलं.

आता पिनही बापूंकडंच असते, करदोड्याला, चावीशेजारी. तरी ट्रॉली जोडताना ते ट्रॅक्टर मागं घेतात, मान वळवतात आणि थांबतात. आण्णा पिन घालून “हाव, बसली” म्हणायचे, तेवढा वेळ. मग स्वतःच खाली उतरतात.