सासूबाईंचा ईसीजी आणि चामोर्शीकडची बांधी

भुताखेतांचे किस्से वाचून मी आजवर नुसता हसत आलो. चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढतो. जे कागदावर उमटत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "लिहून टाका एकदाचं, नाईतर रोज जेवताना सांगत बसता."

मागच्या श्रावणात आमच्याच दवाखान्यात सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चामोर्शीजवळच्या गावात रोवणा करणाऱ्या बायांच्या त्या म्होरक्या. त्यांनी गाणं धरलं की वीस बाया एका तालात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोपं लावत मागे सरकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हृदयाचे ठोके एकदम वेडेवाकडे... ईसीजीची पट्टी मीच काढली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या ताणानं असं नव्यानं होतं कधीकधी. औषध सुरू आहे. बारापर्यंत ताळ्यावर आलं नाही तर शॉक देऊ." मी बाहेर जाऊन रडून आलो. बायकोला सांगितलं, चहाला गेलो होतो.

अकराला गावातून, त्या रोवणाऱ्या बायांतल्या कौसल्याबाईंचा व्हिडिओ कॉल. "बाई, तुमच्याबिगर तालच जमून नाई राह्यला! सोडू का बांधी?"

"खबरदार! धरा गानं!" सासूबाई मास्कमधूनच गरजल्या. तेवढ्यात कॉल कटला. त्या डोळे मिटून पडल्या. तोंडातून शब्द नाही, फक्त बोटं चादरीत काहीतरी खोचत होती.

साडेअकराला ठोके सरळ, अगदी तालात! माझा विश्वासच बसेना. तारा काढून पुन्हा लावल्या, दुसरी पट्टी काढली... तीही एकसारखी. डॉक्टर म्हणाले, औषधानं झालं असेल, आपोआपही होतं. मला पटलं.

संध्याकाळी पुन्हा कौसल्याबाई. "मोबाईल तवाच बंद पडला जवाईबापू. पन बांधी होयेपर्यंत बाईचा आवाज येत होता."

"दुसरी कोणी गात असेल."

"वीसही जनीनं ऐकला. आमी का येड्या हाओ?"

सासूबाईंना विचारलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "मी त रोवून राह्यली होती. तुमी मधातच तारा ओढल्या, माही शेवटची ओळ वाकडी झाली ना!"

रविवारी मुद्दाम गेलो. बांधीतल्या सगळ्या ओळी सुतासारख्या सरळ... शेवटची तेवढी वाकडी. धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभा राहिलो, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि त्या ओळीची माफी मागितली.