दात्याची पाटी आणि बाळंतिणींचं पाणी

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर. भोगीच्या दिवशी, भल्या सकाळी, नागपुरातल्या एका धर्मादाय बाळंतगृहाच्या न्हाणीघरात. पहिलंच बाळंतपण, म्हणून खाप्याच्या सासरहून ती माहेरी आली होती. बाळ तीन दिवसांचं. भोगीला अख्खं शहर तीळ लावून कढत पाण्यानं न्हातं, आणि ही ओली बाळंतीण तेल चोळलेल्या अंगानं पाटावर कुडकुडत बसली होती. नळाला येत होतं ते पाणी कोमट म्हणायचीही लाज वाटावी इतकं गार होतं.

का गार होतं, ते सांगते. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी कॉलेजात होते आणि मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून माझी जीभ बरीच धारदार झाली होती.

त्या बाळंतगृहात आधी तांब्याचा एक थोरला बंब होता. लाकडं खायचा, धूर ओकायचा, पण पाणी असं द्यायचा की विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नसे. मग एका दात्यानं आपल्या आईच्या स्मरणार्थ नवं यंत्र दिलं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांनी जुन्या एअर कंडिशनरचे भाग जोडून ते बनवलं होतं. उद्घाटनाला सरांनी सगळ्यांना सोपं करून सांगितलं, "फ्रिजच्या मागं हात लावला की गरम लागतं ना? तसंच हे. हवेतली ऊब ओढून टाकीतल्या पाण्याला देतं. मागे उरते ती गार हवा. म्हणून याला गच्चीवर ठेवा, उघड्यावर."

"गच्चीवर?" बाळंतगृहाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "मग पाहुण्यांनी पाहायचं कुठून?"

झालं. यंत्रासाठी तळमजल्यावर एक खोली रिकामी केली. दाराशेजारी भिंतीत दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. खिडक्या चोरांच्या भीतीनं बंद, दाराला कुलूप, यंत्राला झेंडूचा हार. बंब त्याच आठवड्यात इतवारीच्या बाजारात मोडीत गेला.

बंद खोलीत यंत्र ऊब आणणार कुठून? खोलीतली हवा गारठायची, यंत्रावर बर्फ चढायचा आणि पाणी होतं तसंच राहायचं. चिटणीस मात्र पाहुण्यांना तो बर्फ कौतुकानं दाखवायचे, "पहा, पाणी तर गरम करतेच, वरून बर्फ बी करते!" पाहुणे माना डोलवायचे. पाण्यात बोट एकानंही बुडवलं नाही. कमिटीतल्या एका सभासदानं तर आपल्या बागेतल्या संत्र्यांच्या पेट्या त्या खोलीत आणून ठेवल्या. धर्मादाय संस्था ती, कोणाला तरी लाभ व्हायलाच हवा.

भोगीच्या त्या सकाळी आई आणि मी चिटणिसांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिलो.

"ताई, मशीनमधलं तुमाले काय समजते?" त्यांनी मलाच विचारलं.

"मशीनचं राहू द्या. पाणी गार हाय, तेवढं समजते."

"आता थंडीचे दिवस हायेत. उन्हाळ्यात पहा, कसं गरम येते ते!"

"उन्हाळ्यात तर आमच्या घरच्या नळाले बी गरम येते, साहेब," आई म्हणाली. "त्याले मशीन काहून लागते?"

सरांनी सांगितलंय तसं यंत्र गच्चीवर न्या, असं मी म्हटलं.

"कसं न्यायचं? पाटी भिंतीत बसवली हाय."

"पाटी राहू द्या तिथंच. मशीन न्या."

"पाटी खाली आन् मशीन वर? दात्याले काय वाटंल?"

"आन् माह्या पोरीले काय वाटून राहिलं, ते कोन पाहीन?" आई कडाडली.

चिटणिसांनी घंटी वाजवून स्वतःसाठी चहा मागवला. चहा वाफाळता आला, हेही नोंदवून ठेवते.

आईनं घरून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवून रिक्षानं आणून पाहिलं. पोचेपर्यंत ते निवायचं. बहिणीचं सगळं न्हाणं ओल्या फडक्यानं अंग पुसण्यावर भागलं आणि तशीच ती घरी आली.

मी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं, बाळंतगृहाच्या फाटकात उभं राहून वाटलं आणि एक त्या पाटीच्या कडेला चिकटवलं. अध्यक्षांचा संताप अनावर झाला. कशानं? संगमरवराला खळ लागली म्हणून! पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

पण पत्रक वॉर्डात पोचलं होतं. दुसऱ्याच दिवशी दाता स्वतः आपल्या पाहुण्यांना यंत्र दाखवायला आला. खोलीच्या दारात बाळंतिणींच्या आया आणि सासवा बसलेल्या. सावनेरकडच्या एका सासूबाईंनी न्हाणीघरातल्या नळाचं पाणी भरलेला लोटा उचलला.

"हात धुवा, साहेब. तुमच्या आईच्या नावाचं पानी हाय."

चार लोकांत नाही कसं म्हणणार? त्यानं हात पुढे केले. धार पडताच झटकन मागे ओढले.

"अवो, तुमी तर बाप्पा नुसते हातच धुवून राहिले," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुना आंग धुतेत यानं."

तो चिटणिसांकडे बघत राहिला. चिटणीस बर्फाकडे.

यंत्र गच्चीवर गेलं. माणसं लावून, दोर बांधून, एका सकाळीत. न्हाणीघरात वाफ दिसायला लागली. इतकंच करायचं होतं, आणि सरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या बहिणीच्या अंगावर मात्र त्यातला एक तांब्याही पडला नाही. "सुधारणा करण्यात आली आहे" असं कमिटीनं फळ्यावर लिहिलं. ज्या बायका मधल्या काळात कुडकुडल्या, त्यांची माफी मागणारी ओळ त्यात नव्हती.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या गावातही एखादं बाळंतगृह असेल. तिथल्या व्यवस्थेबद्दल तुम्ही चांगलंच ऐकलं असेल, कारण सांगणारे घरी गरम पाण्यानं न्हाऊन आलेले असतात. उद्या सकाळी तिथं जा. कोणाला काही विचारू नका. नळ सोडा, हात धरा. गार लागलं तर बादली भरून चिटणिसाच्या टेबलावर ठेवा, आणि वॉर्डातल्या शेवटच्या बाईला कढत पाणी मिळेपर्यंत तिथून हलू नका.