दोन नावांचं रक्त

वसंतमामाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होते. "वृंदे, अण्णा गेला गं," एवढंच तो म्हणाला. माझ्या मनात दुःख नंतर आलं, आधी संशय आला. कारण काही वर्षांपूर्वी अण्णामामांनी स्वतःच शेजाऱ्याकरवी आम्हा सगळ्यांना निरोप धाडला होता, की अण्णा अत्यवस्थ आहेत, असाल तसे निघा. रत्नागिरीहून रिक्षा करून मी पालीला धापा टाकत पोचले, तर मामा पडवीत बसून फणस सोलत होते. "आलीस? रिकाम्या हाताने?" असं त्यांनी विचारलं होतं. कोण कोण येतं, किती लगबगीने येतं, ते त्यांना बघायचं होतं. म्हणून आताही माझा विश्वास बसेना. वसंतमामाला ते कळलं असावं. "या वेळी खरं आहे गं," तो म्हणाला आणि फोनवरच हुंदके देऊ लागला.

आता महिना होऊन गेला आहे. ओळखीची माणसं भेटतात, मामांच्या हापूसची आठवण काढतात आणि शेवटी हसून म्हणतात, "पण संशयी फार हो!" होतेच. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणारे, लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्त पंचांगात ताडून बघणारे, एस.टी.च्या कंडक्टरला "गाडी खरंच कोल्हापूरला जाते ना?" असं दोनदा विचारणारे माझे मामा. पण माणसं ज्याला स्वभाव म्हणून हसतात, त्याच्या मुळाशी धंदा होता. आंब्याच्या पेट्या वाशीला दलालाकडे जायच्या आणि माल विकून झाला की हिशेबाची पट्टी घरी यायची. मधे काय झालं, माल खरंच खराब निघाला की दलालानेच गिळला, हे इथे कातळावर बसलेल्या माणसाला कधीच दिसायचं नाही. म्हणून मामांनी एक युक्ती काढली होती. एकाच कलमाचे, एकाच दिवशी उतरवलेले आंबे दोन पेट्यांत भरायचे, एकीवर स्वतःचं नाव घालायचं आणि दुसरीवर धाकट्या भावाचं, वसंतमामाचं. दोन्ही एकाच दलालाकडे पाठवायच्या. भाव वेगळा आला, की दलाल सापडला! असे त्यांनी आयुष्यात कितीतरी दलाल बदलले. वसंतमामाचं नाव ते इतक्या सहज वापरायचे की ते आपलं नाही हे त्यांच्या ध्यानातही नसायचं, आणि वसंतमामालाही त्याचं कधी काही वाटलं नाही. "अण्णा म्हणेल तसं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

या घराण्यातले पुरुष हृदयाच्या दुखण्याने जातात. आजोबा तसेच गेले. वसंतमामाला झटका आला तेव्हा त्याला कोल्हापूरला नेऊन स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. तरी थोड्याच काळात छातीत पुन्हा दुखू लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी सांगितलं, की ही गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचं खरं औषध करतं, पण काही माणसांच्या शरीरात जन्मतःच ते जमत नाही. गोळी रोज घेतली तरी न घेतल्यासारखीच. दुसरी गोळी आहे, पण ती जहाल, रक्तस्रावाची भीती असते, म्हणून नक्की कळल्याशिवाय द्यायची नाही. आणि ते कळायची सोय तेव्हा नेमकी आमच्या दारात आली होती. उत्तर युरोपातलं एक विद्यापीठ, पुण्याची एक संशोधन संस्था आणि रत्नागिरीचं हे हॉस्पिटल यांनी मिळून कोकणातल्या हृदयरोगी कुटुंबांची जनुकं तपासायची ठरवली होती, ज्याला जे औषध लागू पडेल त्याला तेच मिळावं म्हणून. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून लोकांना हे सगळं मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

अण्णामामांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. "फुकट तपासणार? फुकट कोण काय देतो गं, मेले?" मी सांगितलं, की जगातली औषधं बहुतेक गोऱ्या लोकांवर तपासलेली असतात, आपल्या रक्ताची माहितीच त्यात नसेल तर आपल्याला औषध मिळणार तेही त्यांच्या मापाचं. मामा सुपारी कातरत ऐकत होते. "बरं. आणि यात तुझी दलाली किती?" मी रागावून उठले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "रक्ताची नळी तिकडे गेली की तिचा मालक कोण? तेवढं विचारून ये." हा प्रश्न मी पुढच्या बैठकीत खरंच विचारला. पुण्याच्या साहेबांनी युरोपच्या पाहुण्यांकडे पाहिलं, युरोपच्या पाहुण्यांनी पुण्याच्या साहेबांकडे पाहिलं, आणि मग चहा आला. त्या दिवसापासून माझ्याही मनात जो खडा पडला तो अजून निघालेला नाही.

तरीही मामा रक्त द्यायला तयार झाले. इतक्या लवकर, की खरं तर तिथेच मला वास यायला हवा होता! आधी ते रत्नागिरीला येऊन स्वतःच्या नावाने देऊन गेले. पुढे पालीच्या शाळेत शिबिर लागलं, वसंतमामाने तिथे द्यायचं ठरलं. माझी त्या दिवशी परीक्षेची ड्युटी होती, त्यामुळे मी नव्हते. आणि अण्णामामा वसंतमामाचं आधार कार्ड घेऊन रांगेत उभे राहिले. त्या कार्डावर कोणाचाच चेहरा ओळखू येत नाही, त्यात दोघे भाऊ एका साच्यातले. नर्सने नाव विचारलं, मामांनी भावाचं सांगितलं आणि हात पुढे केला. घरी येऊन वसंतमामाला म्हणाले, "आधी हे लोक खरे की खोटे ते कळू दे. दोन्ही रिपोर्ट एकसारखे आले तर हंगाम संपल्यावर तुझं खरं रक्त देऊ." वसंतमामा म्हणाला, "अण्णा म्हणेल तसं."

पुण्याहून पहिला रिपोर्ट आला. दोघांचाही एकसारखा. गोळी उत्तम लागू पडते. त्या आठवड्यात माझ्याकडे अढीतल्या पिकल्या आंब्यांची पेटी आली आणि मामांचा फोन, "खरी आहेत हो माणसं तुझी." मामांनी कुणाला खरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला काय माहीत, की त्या खुशीमागे काय आहे...

मग युरोपातल्या संशोधक बाईंची एक मेल आली. तिकडच्या मोठ्या तपासणीत दिसलं होतं, की या दोन भावांच्या नमुन्यांत तसूभरही फरक नाही. हे जुळे आहेत का? मी वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नळ्यांचा घोळ घातला मेल्यांनी आणि वर आम्हालाच विचारतात! अगदी मामांची भाची शोभेन असं खरमरीत उत्तर मी पाठवलं आणि तशीच पालीला गेले. मामा आणि वसंतमामा पडवीत आंबे निवडत होते. मी म्हटलं, "मामा, तुमचा संशय बरोबर होता. घोळ घातलाय त्यांनी. दोन नळ्यांत एकाच माणसाचं रक्त आहे म्हणतात."

मामांचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले. "ओळखलंन?" ते म्हणाले. "नाव वेगळं असून ओळखलंन? दलालाला उभ्या जन्मात कधी जमलं नाही हो!" आणि मांडीवर थाप मारून त्यांनी मला सगळी हकिकत सांगितली. मी वसंतमामाकडे वळले आणि विचारलं, "तू डॉक्टरांकडे गेला होतास ना? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, रिपोर्ट छान आहे, हीच गोळी चालू ठेवा."

"कुठला रिपोर्ट?" अण्णामामांनी विचारलं.

"तुझा," वसंतमामा म्हणाला. "म्हणजे... माझा."

मामांच्या हातातला आंबा खाली पडला. पट्टी जशी मालकाच्या घरी येते तसा रिपोर्टही फक्त घरीच येणार, अशी त्यांची समजूत होती. तो परस्पर डॉक्टरांकडे जाईल आणि डॉक्टर त्यावर औषध ठरवतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "वश्या," ते हळू आवाजात म्हणाले, "तुला बरं आहे ना रे?" वसंतमामा ओशाळला. दोन दिवस छातीत जड वाटत होतं, गॅस असेल म्हणून तो बोलला नव्हता.

आंब्याचा पिकअप दारातच उभा होता. वसंतमामाला पुढे नीट रेलून बसता यावं म्हणून अण्णामामा मागे रिकाम्या क्रेटांत बसले. रत्नागिरीच्या वाटेवर हातखंब्यापर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते, उन्हात डोक्यावर पंचा धरून ते एकटक भावाच्या मानेकडे बघत होते. हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, ते रक्त याचं नाही. माझं आहे. लबाडी माझी आहे, याला वाचवा." डॉक्टर त्यांना काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी धरत होती. गोळी त्याच दिवशी बदलली. पुढे वसंतमामाचं खरं रक्त गेलं, तेव्हा कळलं की जुनी गोळी त्याच्या शरीरात कधीच कामाला आली नव्हती.

युरोपातल्या बाईंना माझ्या उत्तराबद्दल माफीची मेल लिहिताना माझी मान खाली गेली, पण त्यांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा हाही प्रश्न होताच. पालीच्या शिबिरातले सगळे नमुने त्यांनी अभ्यासातून बाद केले. एकाने केलं ते आणखी कोणी केलं नसेल कशावरून? त्यांचंही बरोबरच होतं. मग मामा स्वतः घरोघर फिरले, पुन्हा रक्त द्या म्हणून सांगत. लोक ऐकवायचे, "अण्णानू, तुमीच म्हनत हुतात ना, फुकट कोन देत नाय म्हनून?" मामा म्हणायचे, "म्हणत होतो. आताही म्हणतो. पण सुई टोचून घ्या, माझ्यासाठी." ज्या माणसाने जन्मभर कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याला विश्वास मागत फिरताना बघून थोरली मामी आत जाऊन रडायची.

त्यानंतर रोज सकाळी वसंतमामाची गोळी अण्णामामा स्वतः द्यायचे. पाकिटावरचं नाव वाचायचे, तारीख बघायचे, गोळी त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचे. म्हातारा भाऊ म्हाताऱ्या भावासमोर लहान मुलासारखा आ करायचा. आणि शेवटी हृदय थांबलं ते अण्णामामांचं. ते कधी आजारी नव्हते, कधी गोळी घेत नव्हते. त्या सकाळीही वसंतमामाची गोळी देऊन ते खुर्चीत टेकले होते... इतकंच.

दिवसकार्य झाल्यावर मी तिकडे कळवलं. उत्तर नीट, आदराचं होतं. मामांच्या नावाची नळी त्यांच्या संमतीप्रमाणे जतन राहील. मात्र दुसरी, चुकीच्या नावाची, वादाची म्हणून बाजूला ठेवलेली आहे, ती आता नष्ट करायला हवी. नळीवर नाव वसंतमामाचं असल्यामुळे त्याची परवानगी लागेल.

मी पालीला जाऊन त्याला वाचून दाखवलं. अण्णामामांची खुर्ची रिकामी होती, वसंतमामा शेजारी जमिनीवर बसला होता. त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, नेहमीसारखा "बरं" म्हणेल.

"नाही," तो म्हणाला. "द्यायची नाही परवानगी."

"अरे, पण ते चुकीच्या नावाचं आहे म्हणतात."

"चुकीचं कसं? त्याला इथे जाळून आलो मी, माझ्या हाताने. तिकडे माझ्या नावावर आहे तेवढा राहू दे." त्याने पंचाने डोळे पुसले. "कारण विचारलंनी तर लिही, घरचाच माणूस आहे."

मी तसंच लिहून पाठवलं. काही दिवसांनी उत्तर आलं, हरकत नाही, नळी ठेवतो. वसंतमामाने ते लगेच खरं मानलं. मला मात्र राहून राहून वाटतं, की इतक्या लांबच्या त्या थंडगार कपाटात ती खरंच ठेवली आहे की नाही, हे ताडून बघायला मामा हवे होते.