बरण्यांची झाकणं

माझे वडील विहिरी खोदायचे, दुसऱ्यांच्या. आमच्या घरी पाणी मात्र आई लांबून डोक्यावर आणायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा खाली उतरायचे, आई वर दगडमाती वाहायची. काम नसलं की आम्ही अर्धपोटी. एकदा एका जुन्या विहिरीचा गाळ काढायचा होता. आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा, अशी रीत. त्या दिवशी मालकानं घाई केली, कंदील सोडायचा राहिला. दादांना बेशुद्ध वर काढलं. वाचले, पण वर्षभर विहिरीत उतरले नाहीत, आईनं एकटीनं घर ओढलं. तेव्हापासून तिला काहीच कोंडलेलं बघवेना. आमचं गाव शनिशिंगणापूर, घराला दार नाहीच, तेवढं बरं होतं.

नव्वदच्या दशकात मी नगरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सर आम्हा काही मुलामुलींना एक काम शिकवत होते. हवेतला कर्ब जमिनीत किती टिकतो, आणि डोळ्यांना न दिसणारे जमिनीतले जीव तो खाऊन किती परत सोडतात, ते मोजायचं. हा प्रकल्प झाला नाही तर पदवी अडणार होती.

मी गावची माती घेतली. एक वरची, एक हातभर खालची. तिसरा नमुना मुरमाचा, तो दादांनी आणला, चार परस खोलीवरून, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील तिथून. प्रत्येक बरणीत माती, मातीवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची छोटी उघडी बाटली, वर घट्ट झाकण. जिवांनी सोडलेला श्वास त्या पाण्यात मुरतो. चौथ्या बरणीत माती नाही, नुसतं कॉस्टिकचं पाणी, ताडून बघायला.

दिवाळीत होस्टेल बंद झालं, म्हणून बरण्या मांडीवर घेऊन एस.टी.नं घरी आले.

"काय हाय गं यात?" आईनं विचारलं.

"माती. पन जिती हाय. दम टाकती," मी ऐटीत सांगितलं. "ही चौथी तेवढी रिकामी."

दुपारी मी त्या बरण्यांशेजारी सारवलेल्या जमिनीवर पडून राहायचे. उघड्या चौकटीतून ऊन आत यायचं, काचेला आतून बारीक थेंब धरायचे. डोळे मिटले की वाटायचं, माझ्या पाठीखाली सगळं शिवार हळूहळू वरखाली होतंय, उसाच्या मुळ्यांखाली, विहिरींच्याही खाली कुणीतरी न बोलता जागं आहे. किती वेळ जायचा कळायचं नाही.

कॉलेजात बरण्या तपासल्या आणि सर माझ्याकडे बघत राहिले. "तुमच्या गावची माती पळत आली का काय? एवढी धाप?" रिकाम्या बरणीचा आकडा तेवढा बरोबर होता. "पुन्हा कर. नाहीतर पुढच्या वर्षी."

मी घरी आले. "आई, बरण्यांना हात लावलावतास?"

"रोज झाकनं काढून ठेवीत हुते, तू पान्याला जाऊन येईस्तवर. जिती हायत म्हनलीस ना? मग कोंडून मारायची व्हय?"

"आन रिकामी?"

"ती कशाला उघडू? तीत कोन हाय?"

दादा हसायला लागले. "लेकीचं कालेज आईनंच नापास केलं की!"

मला हसू येईना. "वर्ष जाईल माझं," मी ओरडले. मग आईचा चेहरा बघून सांगत बसले. झाकण काढलं की बाहेरच्या हवेतला तसलाच दम त्या पाण्यात मुरतो, आकडा फुगतो. हे जीव जो दम सोडतात तो जड असतो, खोलात साचतो. कंदील त्यानंच विझतो.

आईनं दादांकडे बघितलं. "म्हंजी तुझ्या दादाला यांनीच धरलंवतं?"

"यांच्याच दमानं."

"बरनीत मरायची न्हाईत ना?"

"न्हाई. बरनी मोठी हाय, थोड्याच दिवसांचं काम."

"मग मोज. किती टाकत्यात ते मोजच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दादांच्या कामावरच्या विहिरीवर गेलो. कंदील आईनं सोडला. तळाशी पिवळा ठिपका हलत राहिला, विझला नाही. मग दादा उतरले. वर आलेला मुरूम मी बरणीत भरला, बाटली ठेवली, आणि झाकण आईनं लावलं, दोन्ही हातांनी, दात आवळून.

या खेपेला आकडे जुळले. वरच्या मातीचा श्वास जास्त, खालच्या मातीचा कमी, आणि चार परस खोलातला अगदी थोडा, पण होता. सरांनी प्रकल्पावर सही केली. त्या उन्हाळ्यात मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.