भासऱ्यांच्या शेजारची जागा

लग्न होऊन भंडाऱ्याला आले तेव्हा बंदूक म्हटलं की मला जत्रेतले फुगे आठवायचे. पुढे मी रायफल क्लबात गेले, नेम बरा जमला, नागपूरपर्यंत जाऊन आले. लोक कौतुकानं विचारतात, ही आवड कशी लागली? आवडबिवड काही नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो माणूस दर रविवारी त्या क्लबात जायचा.

मी सांगलीकडच्या कोरड्या भागातली. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली होती. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. "तिकडं तळी हाईत, धान पिकतंय, पोरगी खाऊनपिऊन सुखी ऱ्हाईल," म्हणून त्यांनी मला राज्याच्या ह्या टोकाला दिली. म्हणायला राज्य एकच, पण मला तो परदेशच वाटला. सकाळी भात, संध्याकाळी भात. बोलणं असं की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवायची आणि जाऊ काय करते ते बघून तसंच करायची. सासरचं पितळी भांड्यांचं दुकान भर बाजारात, घर दुकानाच्या मागे, आणि धानाची शेती मोहाडीकडे.

सासूसासरे नव्हते. कारभार सगळा भासऱ्यांचा. नवऱ्याच्या थोरल्या भावाला इकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांपुढे धाकट्या भावाच्या बायकोनं यायचं नाही, बोलायचं नाही, चुकून धक्का लागू द्यायचा नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. मी दाराआड उभी आहे हे दिसत असलं तरी ते आपल्या बायकोला सांगत, "सांग तिले, भाजीत मीठ जास्त झालं." मग जाऊ माझ्याकडे तोंड वळवून म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालं म्हणते." मी ते आधीच ऐकलेलं असायचं. सुरुवातीला मला ह्याचं हसू यायचं.

पहिल्या दिवाळीनंतर ते हसू गेलं. मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वडील न्यायला आले. आधी रेल्वे, मग एसटी, दोन दिवसांचा प्रवास करून आले. इकडे धान घरात यायचे दिवस, नवरा शेतावर, जाऊ तापानं पडलेली, चुलीपाशी मी एकटी. मी दाराआडून वडिलांचा आवाज ओळखला. ते दुकानातल्या बाकावर बसले होते आणि भासरे त्यांना सांगत होते, "सून तं इथं नाही. नाकाडोंगरीले गेली, मावशीच्या घरी. पंधरा दिवस काही येत नाही."

वडील म्हणाले, "लई लांबनं आलोय वो."

भासऱ्यांनी गिऱ्हाइकांकडे बघून तेच वाक्य त्याच सुरात म्हणून दाखवलं. गिऱ्हाइकं हसली. वडिलांना पाणी मिळालं, चहासुद्धा नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले.

हे ऐकलं की आताच्या मुली विचारतात, मग तुम्ही बाहेर का नाही आलात? त्यांनी ते दार पाहिलेलं नाही. कोवळं वय, परका मुलूख, भरलेलं दुकान आणि समोर भासरे. त्यांना समजावत बसायचं मी सोडून दिलंय. वडिलांनी आणलेलं गाठोडं जावेनं तापातच उठून आत आणलं. त्यात शाळूच्या भाकरी होत्या, वाळून खडखडीत झालेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्या भाकरी पाण्यात भिजवून खाल्ल्या. मुलगी भंडाऱ्याच्याच दवाखान्यात झाली. पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. नातीचं तोंड त्यांनी पाहिलं नाही आणि मला ते पुन्हा दिसले नाहीत.

तेव्हापासून मला भासऱ्यांकडून एकच गोष्ट हवी होती. ह्या माणसानं माझ्यासमोर उभं राहायचं, जावेला मध्ये न घालता माझ्याशी बोलायचं, आणि ते बोलणं काहीतरी मागण्याचं असायचं. मग मी काय करायचं ते मी ठरवीन. वाटणी नको होती, दागिने नको होते. हे मी मनात धरून बसले आणि वर्षं गेली तरी सोडलं नाही. माझा राग लवकर उतरत नाही, हे माझ्या माहेरी कुणीही सांगेल.

भासरे रायफल क्लबाचे जुने सभासद. दुकानात घागरींच्या वरच्या फळीवर त्यांचे कप मांडलेले असत. गिऱ्हाईक घागरीचा भाव विचारायचं आणि हे कपाची हकिकत सांगायचे. मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास जिल्ह्याला नवे कलेक्टर आले. त्यांच्या पत्नीला बायकांसाठी नेमबाजीचा वर्ग काढायचा होता, म्हणून त्या बाजारात घरोघर फिरल्या आणि आमच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "तुमच्या घरच्या सुना पाठवा." कलेक्टरच्या बायकोला नाही म्हणायची भासऱ्यांची छाती नव्हती. जाऊ म्हणाली, मला नाही जमायचं. राहिले मी.

"सांग तिले, जाऊ दे चार दिवस," भासरे म्हणाले. "बंदुकीचा धक्का खांद्याले बसला का येते घरी."

त्या बारक्या रायफलीला धक्का असा नसतोच, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांना ते माहीत होतं. मी घाबरावं म्हणून म्हणाले होते.

क्लब गावाबाहेर, वैनगंगेच्या अंगाला. एक उंच मातीचा बांध, त्याच्यापुढे ओळीनं लाकडी चौकटी, प्रत्येक चौकटीवर नेमाचं कार्ड आणि वर नंबर. इकडे पन्नास यार्डांवर ताडपत्र्या. त्यावर पोटावर झोपून मारायचं. शिकवायला पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. "बाई, श्वास अर्धा सोडा न मंग चाप दाबा. घाई कायले करता?" ते म्हणायचे. घाई मला नव्हतीच. कुणाला वाटेल, त्या काळ्या गोलात मला भासऱ्यांचं तोंड दिसत असेल. तसलं काही केलं असतं तर एक गोळी जागेवर लागली नसती. रागानं हात हलतो. म्हणून मी राग चपलांसारखा बाहेर काढून ठेवायची आणि घरी जाताना आठवणीनं घालून जायची.

डोक्यावरचा पदर मी पिना लावून घट्ट बसवला. त्यानं डोळ्यांवर ऊन येत नसे, हा वरचा फायदा. बाकीच्या बायका पावसाळ्याच्या आत गळाल्या, कलेक्टरांची बदली झाली, मी राहिले. नवरा मला सायकलवर सोडायला यायचा. माणूस सज्जन, पण भावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचा नाही.

"दादाले हे आवडत नाही," तो म्हणायचा.

"मग त्यांनी मला सांगावं," मी म्हणायची. ते सांगणार कसे? दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी ऐकायची नाही. भासरे तिकडे सकाळी लवकर जात आणि मी यायच्या आत निघून जात.

अशी काही वर्षं गेली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. क्लबाची स्पर्धा होती, त्यातून चार जण निवडून नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जायचे. भासरे दर वर्षी जात, तिथे भंडाऱ्याचे कप्तान म्हणून मिरवत. त्या वर्षी बायकांत मी एकटीच उरलेली, म्हणून सगळ्यांना एकत्र मारायला लावलं. जागा चिठ्ठ्या उचलून. मला चौथी आली आणि माझ्या उजव्या हाताची पाचवी भासऱ्यांना.

क्लबाचे सेक्रेटरी एक वकील होते. भासरे त्यांच्याकडे गेले. "वकीलसाहेब, मले दुसरी जागा द्या. ते आमच्या घरची सून हाये."

"चिठ्ठी तुमीच उचलली ना, सेठ?" वकील म्हणाले. "आता बदलता येत नाही."

आता जे झालं ते नीट सांगते. उजव्या हाताचा नेमबाज पोटावर झोपला की त्याचे पाय तिरपे डावीकडे पसरतात. भासऱ्यांच्या डावीकडे मी. त्यांचे पाय धाकट्या भावाच्या बायकोच्या बाजूला, तिच्या ताडपत्रीला लागतील असे, तेही चार लोकांत. हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी ताडपत्री ओढून पाय उजवीकडे घेतले. पाय उजवीकडे गेले तशी नळी डावीकडे वळली. डावीकडे बघायचं नाही हेही ठरलेलं, म्हणून वरचा नंबर त्यांनी बघितलाच नाही. इतक्या वर्षांची सवय, नळीसमोर आलं ते आपलं कार्ड. त्यांनी शांतपणे सगळ्या गोळ्या मारल्या. मीही माझ्या मारल्या. इतक्या लांबून कार्डावरची भोकं दिसत नाहीत, त्यामुळे मलाही काही कळलं नाही.

हवालदार कार्डं काढून घेऊन आले. पाचव्या जागेचं कार्ड कोरं होतं. माझं त्यांनी उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "बाई, याची तं चाळणी झाली." लोक हसले. भासऱ्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्याच्या कार्डावर मारलं तर शून्य, हा नियम. पण क्लबात एक रिवाज होता. चुकलेल्यानं, ज्याचं कार्ड बिघडवलं त्याला स्वतः जाऊन विचारायचं. तो हो म्हणाला तर दोघांनी पुन्हा मारायचं. नाही म्हणाला तर चुकलेला बाद. आजवर सगळे हो म्हणत आलेले. विचारणं नावापुरतंच असायचं.

आधी नवरा आला. "दादा म्हणते, हो म्हणून दे."

"दादांनी येऊन विचारावं."

"ते कसे बोलतीन तुह्यासंगं?"

"तोंडानं," मी म्हटलं.

नवरा तिकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी वकिलांनी घड्याळ बघितलं. "सेठ, विचारून टाका ना. ऊन होऊन राहिलं."

मग भासरे आले. लांबच उभे राहिले, तोंड नदीकडे. मी पदर पुढे ओढून उभी राहिले, रीतीला धरून. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मी त्यांना मदत केली नाही.

"माह्यी चूक झाली," ते म्हणाले. "मले अखीन एक डाव मारू देशीन का?"

तो आवाज मला पाठ होता. माझ्या अंगावर आलेला मात्र तो पहिल्यांदाच. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं समाधान होईल आणि मी सोडून देईन. ऐकलं आणि कळलं की सोडून द्यायची मला मुळीच इच्छा नाही.

"नाही," मी म्हटलं.

भासरे रायफल तिथेच ठेवून निघून गेले. मला नवं कार्ड लावून दिलं, मी पुन्हा आडवी झाले आणि मारलं. हात हलला नाही. फार आनंद झाला आणि तो सांगायला मला आजही लाज वाटत नाही. क्लबातले लोक नंतर म्हणाले, खेळात मन मोठं ठेवावं, त्यातून घरची माणसं. मोठ्या मनाचा मक्ता मी घेतलेला नव्हता. नागपूरला मी गेले, तिथे माझा काही नंबर लागला नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

त्या दिवशी क्लबातून घरी आले तेव्हा जाऊ स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसली होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"ते तुह्यासंगं बोलले म्हणते?" तिनं विचारलं.

"बोलले."

"काय म्हणे?"

"पुन्हा मारू देशील का, असं विचारलं."

"इचारलं?" तिचा हात तांदळात थांबला. म्हणाली, "मले तं त्यायनं आजवर काहीच इचारलं नाही."

मी चूल पेटवायला बसले होते. वडिलांचं उट्टं काढून आले, आता झालं, असं मनात म्हणत होते. तिच्या वाटचं तर काढायचं राहिलंच होतं.