मनगटावरचा उजेड

परवा औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं रंगीत स्क्रीनचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "हात वर करा, आपोआप उजेड येतो," तशी मला बाबांची शेवटची अंघोळ आठवली. जुन्या घड्याळातले फिकट आकडे त्यांना उन्हात दिसायचे नाहीत, म्हणून असंच रंगीत घड्याळ मी त्यांना आणून दिलं होतं. तेव्हापासून ते सारखं मनगट वळवून बघायचे. "कुठं जायचंय हो बाबा?" मी वैतागून विचारायचो. ते म्हणायचे, "कुठं नाय." त्या सकाळी अंगणात गरम पाण्याची वाफ होती, घरातून मेणबत्त्यांचा वास येत होता. पाणी घालण्याआधी घड्याळ काढावं म्हणून भावानं त्यांचा हात उचलला आणि स्क्रीन उजळली. आकड्यांच्या मागं केव्हाच वारलेली आमची आई हसत होती, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. तो फोटो त्यांनी कुणाकडून टाकून घेतला होता, कुणास ठाऊक. भाऊ पट्टा सोडायला लागला, तर आत्यानं त्याला अडवलं. "थांब रं. उजेड जाऊ दे आधी, मग काढ." आम्ही सगळे थांबलो. "करा ना साहेब हात वर," दुकानदार पुन्हा म्हणाला, पण माझा हात काउंटरवरून उचलेना.